वेगळ्या पंगतीतला मेघनाद

एप्रिल उजाडला की सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो आणि त्याच रणरणत्या उन्हात आमच्या वस्त्यावस्त्यांतून भीमजयंतीचे मंडप उभे राहू लागतात. मंडपात कोणाच्या तसबिरी लावायच्या यावर रात्र रात्र चर्चा झडते. बुद्ध, कबीर, फुले, शाहू, बाबासाहेब, सावित्रीमाई, रमाई, अण्णा भाऊ ही नावे ठरलेलीच असतात. अशाच एका अभ्यासिकेतील मुलांनी डॉ. मेघनाद साहा यांची तसबीर लावली. जुन्या पिढीतील एका कार्यकर्त्याने साहजिकच विचारले, हे गृहस्थ कोण? मुलांनी सांगितले की हे मोठे शास्त्रज्ञ, शूद्र जातीत जन्मले म्हणून वसतिगृहात त्यांना वेगळे जेवायला बसवले गेले. त्यावर त्या कार्यकर्त्याने दुसरा प्रश्न केला, मग त्यांनी शोध कशाचा लावला? मुले एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली.

आम्हीही तिथेच होतो आणि आम्हालाही नीट सांगता आले नाही, हे कबूल करायला हवे. आम्ही कायद्याची माणसे. पदार्थविज्ञान बारावीनंतर सुटले ते सुटलेच. पण तो प्रश्न आम्हाला टोचत राहिला. साहांवर काय अन्याय झाला हे आम्हाला पाठ, आणि साहांनी काय कमावले हे मात्र कोरे! दुसरीकडे विद्यापीठातील प्राध्यापक मंडळी साहांचे समीकरण फळ्यावर लिहितात आणि पंगतीच्या गोष्टीबद्दल अवाक्षर काढत नाहीत. एकाच माणसाचे असे दोन तुकडे करून दोघांनी वाटून घेतले आहेत. ते तुकडे जोडावेत म्हणून आम्ही वाचायला बसलो. अभ्यासिकेतच एम.एस्सी. करणाऱ्या एका मुलीने अवघड जागा समजावून दिल्या. चुका राहिल्या असतील तर त्या आमच्या.

मेघनाद यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८९३ रोजी ढाका जिल्ह्यातील शेवरातली या खेड्यात झाला. बाबासाहेबांपेक्षा अडीच वर्षांनी लहान. वडील जगन्नाथ साहा यांचे गावात छोटेसे दुकान. आठ मुलांत हे पाचवे. वादळी पावसात जन्म झाला म्हणून घरच्यांनी मेघनाथ म्हणजे इंद्राचे नाव ठेवले. पुढे त्यांनी स्वतःच ते मेघनाद करून घेतले असे सांगतात. मेघनाद म्हणजे इंद्राला जिंकणारा रावणपुत्र. ज्याला देवाच्या बाजूने उभे केले होते, तो आपण होऊन असुरांच्या बाजूला गेला! आमच्या वाचकांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

जातीबद्दल मात्र नेमके बोलले पाहिजे, कारण उत्साहाच्या भरात आपली माणसे साहांना अस्पृश्य म्हणून टाकतात. साहा ही व्यापार करणारी जात, शूद्रांत गणलेली. बंगालचे सवर्ण त्यांच्या हातचे पाणी घेत नसत. पश्चिम बंगालच्या अनुसूचित जातींच्या यादीत शुंडी ही जात आहे आणि तिच्यापुढे साहा वगळून असे स्पष्ट लिहिले आहे. तेव्हा कायद्याच्या भाषेत ते अनुसूचित जातीचे नव्हेत. पण वसतिगृहातील मुलांनी काही यादी पाहून पंगत लावली नव्हती.

गावात प्राथमिक शाळेच्या पुढे शिक्षण नव्हते. मुलाने दुकानात बसावे असे वडिलांना वाटे. थोरल्या भावाने धडपड करून सात मैलांवरच्या सिमुलिया गावातील अनंतकुमार दास या डॉक्टरांच्या घरी त्याची सोय लावली. डॉक्टरांनी राहायला जागा दिली, जेवण दिले. मोबदला एवढाच की मुलाने गोठ्यातील गाय सांभाळायची आणि आपली ताटवाटी आपणच धुवायची. डॉक्टर भला माणूस होता, साहांनी त्याचे उपकार जन्मभर मानले. पण भल्या माणसाच्या घरातही ताट वेगळेच होते, हे विसरता येत नाही. त्या घरात राहून हा मुलगा जिल्ह्यात पहिला आला आणि शिष्यवृत्ती घेऊन ढाक्याच्या सरकारी शाळेत गेला. १९०५ साली बंगालची फाळणी झाली. गव्हर्नर फुलर शाळेच्या भेटीला आले तेव्हा निषेध केलेल्या मुलांत मेघनाद होते. शिष्यवृत्ती गेली, शाळा गेली. बाराव्या वर्षी! दुसऱ्या शाळेने आसरा दिला म्हणून शिक्षण तरले.

१९११ साली ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात आले. वर्गात सत्येंद्रनाथ बोस, एक वर्ष पुढे प्रशांतचंद्र महालनोबिस, शिकवायला जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय. देशातली सर्वांत तल्लख मुले आणि सर्वांत नामांकित शिक्षक एका इमारतीत होते. आणि राहायला ईडन हिंदू वसतिगृह. तिथल्या काही ब्राह्मण विद्यार्थ्यांनी साहाबरोबर एका दालनात जेवणार नाही असे सांगितले. सरस्वतीपूजेच्या मंडपातही त्यांना येऊ दिले नाही. म्हणजे विद्येच्या देवीला फुले वाहण्याचा अधिकार परीक्षेत दुसरा येणाऱ्याला नाही आणि नापास होणाऱ्याला आहे! साहा तिथून निघाले आणि मित्रांबरोबर मेसमध्ये राहू लागले. १९१५ साली एम.एस्सी. झाले. सत्येंद्रनाथ पहिले, साहा दुसरे. वित्त खात्याच्या परीक्षेला बसून घरचे दारिद्र्य हटवावे असा विचार होता, पण क्रांतिकारकांशी संबंध असल्याच्या संशयावरून सरकारने त्यांना बसू दिले नाही. सरकारी नोकरीची दारे अशी बंद झाली म्हणूनच जगाला हा शास्त्रज्ञ मिळाला.

आशुतोष मुखर्जी यांनी नव्या विज्ञान महाविद्यालयात या तरुणांना शिकवायला घेतले. साहांना उष्णतेचे शास्त्र शिकवायला दिले. ते आधी आपण शिकायचे आणि मग वर्गात जाऊन शिकवायचे. जर्मन त्यांना येत होती. सत्येंद्रनाथांच्या साथीने त्यांनी आईन्स्टाईन आणि मिन्कोव्स्की यांचे सापेक्षतेवरील निबंध इंग्रजीत आणले. पुढे श्रीवास्तव यांच्याबरोबर उष्णतेवरील पाठ्यपुस्तकही लिहिले. सोलापुरातल्या जुन्या बी.एस्सी.वाल्यांना विचारा, साहा-श्रीवास्तव म्हटले की त्यांच्या डोळ्यांसमोर तो जाडजूड ग्रंथ उभा राहतो. तो साहा म्हणजे हेच, एवढे मात्र त्यांतल्या फार थोड्यांना माहीत असते.

आता मूळ शोधाकडे येतो आणि त्यासाठी आपल्याच जिल्ह्यात जावे लागते. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले. त्याची सावली करमाळा तालुक्यातील जेऊरवरून गेली. आज रेल्वेने पुण्याला जाताना जे जेऊर स्टेशन लागते तेच हे. पुण्याचे प्राध्यापक नायगमवाला आपली यंत्रे घेऊन तिथे आले होते. अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्पबेल समुद्र ओलांडून तिथे येऊन तळ ठोकून होते. सूर्य झाकला गेला की क्षणभर त्याच्या कडेचा तेजस्वी वायू उघडा पडतो आणि त्याच्या प्रकाशाचे पृथक्करण केले की वेगवेगळ्या मूलद्रव्यांच्या रेषा दिसतात. अशा ग्रहणांतून जमवलेल्या छायाचित्रांत एक कोडे होते. सूर्याच्या कडेला फार उंचावरही कॅल्शियमच्या ज्या रेषा ठळक दिसत त्या साध्या कॅल्शियमच्या नव्हत्या, इलेक्ट्रॉन गमावलेल्या कॅल्शियमच्या होत्या. वर जावे तसे तापमान कमी असणार, मग तिथेच अणू जास्त का फुटलेले? जेऊरच्या माळावर दुर्बिणी लागल्या तेव्हा शेवरातलीचा मेघनाद चार वर्षांचा होता. हे कोडे पुढे त्याने सोडवले.

१९२० साली वयाच्या सव्विसाव्या वर्षी साहांनी मांडलेला विचार असा. अणूतून इलेक्ट्रॉन सुटणे ही एखाद्या रासायनिक क्रियेसारखीच क्रिया समजा. उष्णता इलेक्ट्रॉनला बाहेर ढकलते आणि बाहेर पडलेला इलेक्ट्रॉन पुन्हा एखाद्या अणूच्या तावडीत सापडू शकतो. सोडणे आणि पकडणे यांचा जिथे तोल साधतो तिथे किती अणू फुटलेले असतील हे गणिताने काढता येते. आणि या तोलात नुसते तापमान नव्हे, दाबही मोजावा लागतो. गड्ड्याच्या जत्रेत लेकराचा हात सुटला तर दहा पावलांवर कोणीतरी त्याला धरतोच. ओसाड माळावर सुटलेला मात्र सुटलेलाच राहतो. सूर्याच्या वरच्या थरात वायू इतका विरळ की सुटलेल्या इलेक्ट्रॉनला धरायला कोणी जवळ नाही. म्हणून तिथे फुटलेले अणू जास्त. एवढ्या एका समीकरणाने ताऱ्यांचे तापमान त्यांच्या रेषांवरून वाचता येऊ लागले. सिसिलिया पेन या तरुणीने १९२५ साली याच समीकरणाच्या जोरावर तारे मुख्यत्वे हायड्रोजनचे बनलेले आहेत हे दाखवले. तिच्यावरही दबाव आला आणि प्रबंधात तिला आपला निष्कर्ष सौम्य करावा लागला. ती बाई होती, हे शूद्र. दोघांचेही म्हणणे खरे निघाले.

विलायतेला जायला पैसे प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्तीचे. मुंबईच्या कापसाच्या व्यापारातला पैसा कलकत्त्याच्या विद्यापीठात पडला होता, तो असा कामी आला. १९२० च्या अखेरीस साहा लंडनमध्ये फाउलर यांच्या प्रयोगशाळेत होते, आणि त्याच हिवाळ्यात त्याच शहरात बाबासाहेब अर्ध्यापोटी राहून रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी पुस्तके उपसत होते. तिथून साहा बर्लिनला नेर्न्स्ट यांच्याकडे गेले. परत आल्यावर १९२३ ते १९३८ अलाहाबादला प्राध्यापक. १९२७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सभासद करून घेतले. नोबेलसाठी त्यांचे नाव एकाहून अधिक वेळा सुचवले गेले, मिळाले मात्र नाही.

याच काळातील एक गोष्ट आम्हाला वकील म्हणून सांगितलीच पाहिजे. ढाक्याच्या एका वकिलाने साहांना त्यांचे संशोधन काय म्हणून विचारले. साहा समजावून सांगू लागले, तर दर दोन मिनिटांनी वकीलसाहेब म्हणत की यात नवे काही नाही, हे सारे वेदांत आहेच. वेदांत नेमके कुठे आहे असे साहांनी विचारले, तेव्हा वकिलाने आपण वेद वाचलेला नाही हेही बेधडक सांगून टाकले. साहांनी हा किस्सा एका बंगाली मासिकातल्या वादात जगजाहीर केला, आणि आपण वीस वर्षे जुने ग्रंथ चाळले तरी हे शास्त्र तिथे सापडले नाही असा निर्वाळा दिला. आमच्या काळ्या कोटाला लागलेला हा डाग आहे. बार रूममध्ये आजही अशी माणसे भेटतात.

आता चुंबकाकडे वळू. साहांच्या कामाचा हा भाग आपल्याकडे कोणी सांगत नाही आणि शास्त्राच्या इतिहासातही तो कोपऱ्यात पडला आहे. चुंबकाची पट्टी मधोमध तोडली तर उत्तर ध्रुव एका हातात आणि दक्षिण दुसऱ्या हातात असे होत नाही. दोन्ही तुकड्यांना पुन्हा दोन दोन ध्रुव येतात. एकटा ध्रुव कोणी पाहिलेला नाही. १९३१ साली डिरॅक या इंग्रज शास्त्रज्ञाने दाखवले की विश्वात कुठेही एक जरी एकटा ध्रुव असेल, तर विद्युतभार ठराविक मापातच का मिळतो याचे उत्तर मिळते. डिरॅकचे गणित अवघड. १९३६ साली साहांनी त्याच निष्कर्षाला अगदी सोप्या वाटेने पोहोचून दाखवले. एक विद्युतभार आणि एक एकटा ध्रुव समोरासमोर स्थिर ठेवा. काहीच हलत नाही, तरीही त्यांच्या भोवतालच्या क्षेत्रात फिरकीचे एक माप दडलेले असते. गंमत अशी की दोघांतील अंतर कितीही वाढवा, ते माप बदलत नाही. आणि फिरकी निसर्गात ठराविक मापांतच मिळते हे क्वांटम शास्त्र सांगते. म्हणजे भार आणि ध्रुव यांचा गुणाकारही ठराविक मापातच असला पाहिजे. झाले! चार ओळींत काम फत्ते.

निबंध छापला भारतीय नियतकालिकात. पश्चिमेकडे कोणी तो पाहिला नाही. १९४९ साली अमेरिकेतील एच. ए. विल्सन यांनी हाच युक्तिवाद नव्याने छापला. साहांनी त्याच अमेरिकन नियतकालिकात छोटीशी टीप पाठवून, हे आपण तेरा वर्षांपूर्वी केले आहे हे नोंदवले. त्रागा नाही, आरडाओरडा नाही, नुसती नोंद. कोर्टात आम्ही याला हक्क शाबूत ठेवणे म्हणतो. त्या निबंधात साहांना जे मुळात सिद्ध करायचे होते, म्हणजे न्यूट्रॉन हा दोन विरुद्ध ध्रुवांचा बनलेला असावा, ते पुढे टिकले नाही. हेही सांगायला हवे. भक्तिभावाने चरित्र लिहिणे हा आपला मार्ग नव्हे.

तसा सुटा, मूलभूत एकटा ध्रुव अजून कोणाला सापडलेला नाही. पण साहांच्या मृत्यूनंतर चार दशकांनी काही स्फटिकांत एक विलक्षण प्रकार दिसू लागला. होल्मियम टायटनेट आणि डिस्प्रोसियम टायटनेट ही त्या स्फटिकांची नावे. यांत होल्मियमचा किंवा डिस्प्रोसियमचा प्रत्येक अणू हा एक छोटा चुंबक. चार चार चुंबक एकेका चौफळीच्या कोपऱ्यांवर बसलेले, आणि प्रत्येक कोपरा दोन चौफळ्यांत सामाईक. प्रत्येक चुंबकाला दोनच दिशा शक्य, चौफळीच्या आत नाहीतर बाहेर. शेजाऱ्यांशी असलेल्या संबंधामुळे सर्वांचे समाधान एकाच वेळी होऊच शकत नाही. एकाची मर्जी राखावी तर दुसरा दुखावतो. शास्त्रज्ञ अशा स्फटिकांना फ्रस्ट्रेटेड म्हणतात, आपण कुंठित म्हणू. शेवटी तडजोड ठरते ती दोघांनी आत, दोघांनी बाहेर पाहायचे अशी. पण कोणत्या दोघांनी? सहा प्रकारे हे होऊ शकते आणि सहाही सारखेच. म्हणून कितीही थंड केले तरी स्फटिकाला एक पक्की मांडणी निवडता येत नाही. साध्या पाण्याच्या बर्फातही हायड्रोजनच्या जागांची अशीच अनिश्चितता असते. १९३५ साली लायनस पॉलिंग यांनी तिचा हिशोब मांडला होता. त्यावरून १९९७ पासून या स्फटिकांना चुंबकी बर्फ म्हणू लागले.

हे कळले कसे? उष्णता मोजून. पदार्थ थंड होत जातो तसा त्याच्यातील अव्यवस्थेचा भाग उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. प्रत्येक तापमानाला किती बाहेर पडले याची बेरीज केली की आत मूळची अव्यवस्था किती होती हे कळते. १९९९ साली रामिरेझ आणि सहकाऱ्यांनी डिस्प्रोसियमच्या स्फटिकाची ही मोजणी १२ केल्विनपासून ०.२ केल्विनपर्यंत केली. १२ केल्विन म्हणजे शून्याखाली २६१ अंश सेल्सिअस. बेरीज कमी भरली. आणि जेवढी कमी भरली ती तूट पॉलिंगच्या बर्फाच्या हिशोबाशी जुळली. मग त्यांनी बाहेरून चुंबकक्षेत्र लावून पुन्हा मोजले तेव्हा तुटीचा काही भाग भरून निघाला. बाहेरून जोर लावल्यावर कुंठित चुंबकांना दिशा निवडावी लागली, एवढाच त्याचा अर्थ.

२००८ साली कास्टेलनोवो, मोस्नर आणि सोंधी या तिघांनी पुढचे पाऊल टाकले. या स्फटिकातील एक चुंबक उलटा केला की एका चौफळीत तीन आत एक बाहेर होते आणि शेजारच्या चौफळीत तीन बाहेर एक आत. या दोन बिघडलेल्या जागा म्हणजेच एक उत्तर आणि एक दक्षिण ध्रुव. पुढचे चुंबक एकामागून एक उलटत गेले की या जागा एकमेकींपासून दूर जातात आणि स्फटिकात सुट्या फिरू लागतात. डिरॅक आणि साहा ज्याचे गणित करीत होते तो मूलभूत ध्रुव हा नव्हे, पण स्फटिकाच्या आत तो वागतो तसाच. पुढच्याच वर्षी बर्लिनच्या प्रयोगात याची चिन्हे मिळाली. स्फटिक किती उष्णता धरून ठेवतो याचे आकडे सुट्या ध्रुवांचा वायू धरून केलेल्या हिशोबाशी जुळत होते.

इथे आमची ती एम.एस्सी.ची मुलगी थांबली आणि म्हणाली की आता साहांचा हिशोब आठवा. तिकडे ताऱ्यात उष्णता अणू फोडते आणि इलेक्ट्रॉन सुटतो, इकडे उष्णता तडजोड मोडते आणि ध्रुवांची जोडी सुटते. तिकडे सुटलेले पुन्हा पकडले जातात, इकडेही विरुद्ध ध्रुव भेटले की एकमेकांना मिटवतात. दोन्हीकडे फोडायला लागणारी ऊर्जा एका पारड्यात आणि तापमान दुसऱ्या पारड्यात. ताऱ्यात दाब जे काम करतो त्याला जवळचे काम स्फटिकात बाहेरचे चुंबकक्षेत्र करते. ठराविक दिशेने सुमारे ०.९ टेस्लाचे, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या साधारण वीस हजार पट क्षेत्र लावले आणि तापमान ०.३६ केल्विनच्या खाली ठेवले तर वाफेचे पाणी व्हावे तशी ध्रुवांची दाटी एकदम वाढते. ताऱ्याचे तापमान हजारो अंश, स्फटिकाचे एका अंशाहूनही कमी. आणि हिशोबाचा घाट तोच! साहांच्या दोन वेगवेगळ्या कामांची, १९२० ची उष्णता आणि १९३६ चा एकटा ध्रुव यांची, गाठ अशा स्फटिकात पडावी याचे आम्हाला फार अप्रूप वाटले.

साहा प्रयोगशाळेत कोंडून घेणारे नव्हते. लहानपणी त्यांनी पूर्व बंगालचे पूर पाहिले होते. १९३५ साली त्यांनी सायन्स अँड कल्चर हे मासिक काढले आणि त्यातून नद्या, वीज, कारखाने यांवर सातत्याने लिहिले. चरख्याने आणि ग्रामोद्योगाने देशाचे दारिद्र्य हटेल हे त्यांना कधीच पटले नाही, आणि ते त्यांनी काँग्रेसच्या नेत्यांच्या तोंडावर सांगितले. १९३८ साली सुभाषबाबूंनी राष्ट्रीय नियोजन समिती नेमली त्यामागे साहांचा आग्रह होता. १९४३ साली दामोदर नदीला महापूर आला. चौकशी समितीत साहा होते आणि एका खोऱ्यासाठी एकच प्राधिकरण असावे या विचाराचे ते खंदे पुरस्कर्ते होते. त्या वेळी दिल्लीत मजूर खात्याचे मंत्री कोण होते? बाबासाहेब. जानेवारी १९४५ मध्ये कलकत्त्याच्या परिषदेत त्यांनीच दामोदर योजनेला आकार दिला आणि १९४८ साली दामोदर खोरे महामंडळाचा कायदा झाला. एकाच्या हातचे पाणी सवर्ण पीत नव्हते, दुसऱ्याला तळ्यावरून पाणी घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला होता. देशाच्या पहिल्या मोठ्या खोरे योजनेमागे या दोघांची डोकी होती. उजनीच्या पाण्याची वाट पाहणाऱ्या सोलापूरकरांना याचे महत्त्व कळेल.

अणुशक्तीच्या प्रश्नावर मात्र साहा बाजूला पडले. संशोधन विद्यापीठांतून व्हावे, ते एका बंद सरकारी खात्यात नसावे असे त्यांचे म्हणणे. सूत्रे होमी भाभांकडे गेली. साहांनी कलकत्त्यात आपली संस्था उभारली, तिचे उद्घाटन जानेवारी १९५० मध्ये इरेन जोलिओ-क्युरी यांच्या हस्ते झाले. १९५२ साली ते कलकत्त्यातून अपक्ष म्हणून डाव्यांच्या पाठिंब्यावर लोकसभेवर निवडून आले. त्याच निवडणुकीत मुंबईत बाबासाहेबांना पाडण्यात आले होते. संसदेत साहा बोलले ते निर्वासितांवर, नियोजनावर, अणुशक्ती खात्याच्या गुप्ततेवर. सभागृहात त्यांना शास्त्रज्ञाने राजकारणात पडू नये असे टोमणे मारले गेले.

शेवटचे मोठे काम पंचांगाचे. देशात तीसेक पंचांगे चालत आणि ती एकमेकांशी जुळत नसत. १९५२ साली नेमलेल्या दिनदर्शिका सुधारणा समितीचे अध्यक्ष साहा. सूर्य खरोखर उत्तरेकडे वळतो तो डिसेंबरच्या २२ तारखेच्या सुमारास, आणि आपल्या सिद्धेश्वराची यात्रा भरते ती जानेवारीच्या मध्यावर, संक्रांतीला. जवळजवळ तेवीस दिवसांची ही चूक शतकानुशतके साचत गेलेली, आणि मुहूर्त विकणाऱ्यांनी ती कधी दुरुस्त केली नाही. साहांच्या समितीने ऋतूंशी जुळणारी शक दिनदर्शिका आखून दिली आणि २२ मार्च १९५७ पासून ती राष्ट्रीय दिनदर्शिका झाली. ते पाहायला साहा उरले नव्हते. १६ फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीत नियोजन आयोगाच्या कचेरीकडे जात असताना वाटेतच त्यांचे हृदय बंद पडले. बासष्ट वर्षांचे होते. त्याच वर्षाच्या ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले.

ज्याला सरस्वतीच्या मंडपातून परत पाठवले, त्यानेच देशाच्या महिन्यांचे दिवस मोजून दिले. भारताच्या राजपत्राच्या माथ्यावर इंग्रजी तारखेशेजारी शकाचीही तारीख छापलेली असते. कामानिमित्त ते कागद आमच्या हातून रोज जातात. ती तारीख कोणाच्या हिशोबाने पडते हे आम्हालाच इतकी वर्षे माहीत नव्हते. अभ्यासिकेतल्या मुलांनी आता तसबिरीखाली दोन साले लिहिली आहेत, १९२० आणि १९३६, आणि कोणी विचारले तर सांगायची पाळी आळीपाळीने लावून घेतली आहे.